तानसेच्या बंदरावरची लाल खूण

पुण्यात नदीचं पाणी वाढलं की आम्ही म्हणतो, धरणातून सोडलं वाटतं. नदी एकाच दिशेने वाहते आणि वर कुणीतरी दरवाजे उघडले तरच चढते, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. नद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत नोकरी लागली तरी ती फारशी बदलली नाही, कारण पहिलं दीड वर्ष मी नद्या संगणकावरच पाहिल्या. त्यामुळे मागच्या पौषात दहा दिवस वसई-विरारला जायचं ठरलं तेव्हा घरचे म्हणाले, तिथे कसली नदी? तिथे समुद्र आहे.

दोन्ही आहेत, आणि मधला तुकडा हाच आमचा विषय होता. विरारच्या पूर्वेला तानसा वैतरणेला मिळते आणि दिवसातून दोनदा समुद्र त्या दोघींच्या पोटात शिरतो. खारं पाणी नदीत किती वर चढतं, हे मोजायला दोन संस्था एकत्र आल्या होत्या. एक आमची पुण्याची आणि दुसरी केरळातली, समुद्राचा अभ्यास करणारी. नदी आम्हाला कळते, समुद्र त्यांना. कराराला वर्ष होत आलं होतं आणि तो काही बरा चालला नव्हता. दोन्ही संस्था एकमेकींना फक्त तयार तक्ते पाठवत. मूळ आकडे ज्याचे त्याच्या कपाटात.

प्रवासात आमचे प्रमुख चौधरी सर माझ्या शेजारी होते. घाट उतरल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. तानसेवरच्या एका छोट्या बंदरात आमच्यासाठी तीन वर्षं एक गृहस्थ पाण्याची पातळी मोजतात. त्यांचे आकडे केरळच्या यंत्राशी जुळत नाहीत. तिकडच्यांना वाटतं, हा माणूस बंदरावर जातच नाही, घरी बसून लिहितो.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मलाही आता तसंच वाटायला लागलंय. दोनदा न सांगता जाऊन आलो. भरतीच्या वेळी कुणी नव्हतं तिथे." मग म्हणाले, "ते केंद्र बंद करून टाकू. एक केंद्र गेलं तर चालेल, करार राहिला पाहिजे. मागे एका संस्थेशी असंच आकड्यांवरून भांडण झालं आणि सगळंच बुडालं होतं."

मी बहुतेक वेळा बोलत नाही.

निर्मळ

आमची राहण्याची सोय निर्मळला सरांच्या ओळखीच्या राऊतांच्या घरी होती. सर आणि इतर पुरुष मंडळी बाहेरच्या ओटीवरच्या खोल्यांत. मी आणि केरळच्या संस्थेच्या बीना मॅडम आत, एका खोलीत. बीना मॅडम पन्नाशीच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि बॅग ठेवायच्या आधी मागचं दार उघडून वाडीत शिरणाऱ्या.

वाडी म्हणजे घरामागची बाग. केळी, नारळ, अधूनमधून चाफा, कडेला पानवेल, मधून पाण्याचा पाट. पुण्यात बाग बघायला तिकीट काढून जातात. इथे भांडी घासून वळलं की बाग. पहाटे फुलांच्या करंड्या लादून स्कूटर निघून गेलेली असायची. तिच्या मागोमाग सायकली, त्यांच्या दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या.

"ये तो हमारा गाँव है!" बीना मॅडम केळीच्या बुंध्यावर थाप मारून म्हणाल्या. "और ये हमारा नेंद्रन."

घरच्या सुमनकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "नाही हो, ही राजेळी. इथली."

"नेंद्रन."

"बरं, खाऊन बघा आणि मग सांगा." काकूंनी वाळवलेल्या राजेळीची सुकेळी आणून पुढ्यात ठेवली. मधाच्या रंगाची, चिवट, केळीच्या सोपात बांधलेली. बीना मॅडमनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं हातात घेतलं आणि म्हणाल्या, "राजेळी." काकूंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मला कुणी डोळे मिचकावले की काय करायचं ते कळत नाही. मी पाणी प्यायले.

काकू आमच्याशी पुस्तकी म्हणावी अशी मराठी बोलत. पण जाऊबाईंकडे वळल्या की त्यांची घरची बोली सुरू होई, वेगळ्याच हेलाची, आणि मला चारातला एक शब्द कळे. मराठी माणूस असून मराठी घरात परकी वाटण्याचा हा अनुभव मला नवा नव्हता. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीला तो आजोळीही येतो. फरक इतकाच की इथे मी एकटी नव्हते. बीना मॅडमना त्यातला एकही शब्द कळत नव्हता आणि त्या तरीही प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या.

त्या संध्याकाळी उकडहंडी होती. मडक्यात रताळी, कोनफळ, वालाच्या शेंगा, सगळं पाल्यात दडपून शिजवलेलं. मडकं उघडलं तेव्हा ओव्याच्या पानांचा वास अंगणाबाहेर गेला असावा, कारण शेजारच्या दोघी "काय चाललंय?" म्हणत आल्या आणि जेवूनच गेल्या. आमच्याकडे शेजारी आधी फोन करतात.

पौर्णिमा, बंदर

पौर्णिमेला मोठी भरती असते, उधाण. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेरा तास मोजणी करायची होती. नालासोपाऱ्याला आचोळ्याच्या रस्त्यावर शाळेच्या गाड्यांत आम्ही अर्धा तास अडकलो, तिथून विरार, मग पूर्वेकडे वळलो आणि इमारती एकदम संपल्या. भातकापणीनंतरची उघडी शेतं, मिठागरांचे चौकोन, आणि तानसा. चिखलाच्या रंगाची, रुंद, मुकी.

गावाचं नाव मी लिहीत नाही. गाव लहान आहे आणि पुढचं वाचून कळेलच का ते. बंदर म्हणजे पाण्यात शिरलेला एक दगडी ओटा, वरून काँक्रीट केलेला. त्याच्या टोकाला पायजम्यावर स्वेटर घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ आमची वाट बघत उभे. जनार्दन म्हात्रे, सगळ्यांचे जनूकाका. आधी मिठागरात काम केलेलं, आता थोडं भात आणि आमच्यासाठी पाणी मोजणं. ज्यांच्यावर घरी बसून लिहिण्याचा संशय होता ते हेच.

"ही नवीन मॅडम काय?" त्यांनी सरांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मला म्हणाले, "बाय, चप्पल काढ. चिखलान र्‍हायल तुजी."

मी काढली नाही. पाच मिनिटांत डावी चप्पल चिखलात गेली. काकांनी हात कोपरापर्यंत आत घालून ती काढली, नदीत धुतली आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवली. ते न बोलणं मला फार आवडलं.

त्यांची मोजायची पद्धत साधी. ओट्याच्या कडेवर लाल रंगाची खूण, शेजारी आमच्या संस्थेने दिलेला क्रमांक. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं बांधलेली फीत त्या खुणेपासून खाली सोडायची, शिसं पाण्याला टेकलं की खुणेवरचा आकडा वाचायचा. खुणेपासून पाणी किती खाली, तेवढं कळलं की पातळी काढता येते. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. मग वहीत लिहायचं.

माझ्याकडे एक फॉर्म होता. त्यात एक ओळ : "खूण सुस्थितीत आहे का?" आधीच्या तीन भेटींत वेगवेगळ्या लोकांनी तिथे बरोबरची टिक केली होती. मी वाकून पाहिलं. खूण ठसठशीत होती, क्रमांक इतका सुबक की शाळेच्या फळ्यावर लिहावा तसा. मी चौथी टिक केली.

नदीच्या मधोमध बीना मॅडम होडीत बसून पाण्याच्या बाटल्या भरत होत्या, सर त्यांच्याबरोबर. मी दिवसभर काकांजवळ. नदी समुद्राकडे चालली होती ती साडेआठच्या सुमारास मंदावली, थांबली, आणि एक वाळकी फांदी, जी माझ्यासमोरून पश्चिमेला गेली होती, ती हळूच परत आली. मी बघत राहिले.

"आली," काका म्हणाले, जसं कुणी माहेरवाशिणीबद्दल म्हणावं.

"किती वाजेपर्यंत चढेल?"

"एका तिथीला पाऊण तास न वर तीन मिनटा धरायची. आज पुनव, म्हंजे समुद्रावर बाराला. आमच्या बंदराला त्याच्यावर दीड तास. दीडला पानी ठरंल."

पाणी एक वाजून पस्तीस मिनिटांनी ठरलं. होडीतून उतरल्यावर मी हे बीना मॅडमना सांगितलं. त्यांच्या गणितात उशीर जवळजवळ तेवढाच येत होता आणि त्या गणिताला त्यांना सात महिने लागले होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि मला इंग्रजीत हळूच विचारलं, "घरी बसून लिहिणारा तो हाच माणूस?"

मी खांदे उडवले. पण तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेला नाही.

सातिवली

केरळचं यंत्र बंदराच्या एका खांबाला, पाण्याखाली, लोखंडी नळीत बसवलेलं होतं. मागच्या मे महिन्यात बसवलं, पहिले तीन महिने त्याचे आकडे आले आणि पुढचे आतच अडकले. नळी बाहेर काढली तर तिच्यावर कालवांचा थर, आणि झाकणाचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. ती घेऊन मी आणि बीना मॅडम रिक्षाने सातिवलीला गेलो, कारण सुमनकाकूंचं म्हणणं, "सातिवलीत उघडलं नाही असं काही जगात नाही."

गाळ्यांमागून गाळे. एकात प्लास्टिकच्या बादल्या, एकात दिव्यांची पितळी झाकणं, एकात नुसता आवाज. ज्या गाळ्यात आम्ही शिरलो तिथल्या कारागिराने नळी उलटीपालटी करून पाहिली.

"ये क्या है, मॅडम? बम तो नहीं?"

"नदी नापने का मशीन," बीना मॅडम म्हणाल्या.

"नदी नापने केरल से आये?" त्याने शेजारच्या गाळ्याकडे तोंड करून ओरडून ही बातमी दिली. चार माणसं बघायला आली. एकजण म्हणाला, "हमारे पीछे नाला है, वो भी नाप लो." बीना मॅडम इतक्या हसल्या की कारागिराने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. वीस मिनिटांत झाकण निघालं. कालवांसकट त्याने नळी कागदात गुंडाळून दिली. कालवं ताजी आहेत, फेकू नका म्हणाला.

यंत्र जिवंत होतं. आत मधल्या सगळ्या महिन्यांचे आकडे शाबूत होते.

पंचमीची दुपार

पुढच्या मोजणीसाठी लहान भरतीची, म्हणजे भांगेची, वाट बघायची होती. अष्टमीपर्यंत काम थोडं. पंचमीला दुपारी मी वाडीतल्या बाजेवर काकांची वही घेऊन बसले होते. वही तपासायला म्हणून आणलेली, परत द्यायची होती; तोवर काका कागदावर लिहीत होते. रोजची ओळ : तिथी, वेळ, आकडा, वारा, सही. कधी एखादा शेरा : "बोट अडकली", "पाण्यात फेस", "आज मुलीचं लग्न, वाचन केलं."

हा शेवटचा मी दोनदा वाचला. घरी बसून लिहिणारा माणूस, मुलीच्या लग्नाच्या दिवशी मी बंदरावर गेलो होतो असं खोटं लिहील का? लिहीलही. त्याने काही सिद्ध होत नव्हतं.

बीना मॅडम लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसल्या. "वाच," त्या म्हणाल्या. "तू वाच, मी माझे बघते."

खरं तर हे करायला आम्हाला दोघींनाही परवानगी नव्हती. मूळ आकडे एकमेकींना दाखवायचे तर दोन्ही संचालकांच्या सह्या लागत. पण खोली एक, बाज एक, मध्ये सुकेळ्यांची ताटली. मी एक दिवस वाचला. त्यांनी यंत्राचा त्याच वेळचा आकडा पाहिला.

"नऊ सेंटीमीटर कमी."

पुढचा दिवस. "नऊ." पुढचा. "आठ." मग नऊ, नऊ, दहा, नऊ. मी जूनमधली पानं सोडून सप्टेंबर काढला. नऊ. मुलीच्या लग्नाचा दिवस काढला. नऊ.

बीना मॅडमनी लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. "आमच्या लोकांनी फक्त सरासरी काढली," त्या म्हणाल्या. "फरक मोठा आला म्हणून माणूस खोटा ठरवला. एक एक दिवस कुणी पाहिलाच नाही." मग म्हणाल्या, "रोज एवढंच आणि इतकंच खोटं कुणाला बोलता येत नाही."

तसं म्हटल्यावर ते उघड होतं. घरी बसून लिहिलं असतं तर आकडे कधी वर, कधी खाली गेले असते. हा माणूस दिवसातून दोनदा जात होता आणि खरं लिहीत होता. मग नऊ सेंटीमीटर आले कुठून?

सुमनकाकू मागून पेरू घेऊन आल्या आणि आमची तोंडं बघून म्हणाल्या, "काय गं, कुणी गेलं का?"

देवाचा चौकोन

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बंदरावर गेलो. सरांना सांगितलं नाही. काकांच्या घरी मथुराकाकी, त्यांची बायको, अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. "बंदरावरच गेलेत," त्या म्हणाल्या. "पान्याची येल झाली का हे घरान सापडायचे नायत. पोरीच्या हळदीला बी असाच पळाला."

काकांना सरळ विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी खुणेचं कौतुक केलं. ते खरंच होतं.

काकांचा चेहरा खुलला. "ती माजी हाय, बाय."

"म्हणजे?"

"शिमग्याच्या आधी गावान ओटा नवीन केला. जुना फुटला होता, बाया घसरायच्या. वरून काँक्रीट टाकला. मी मिस्त्रीला बोललो, साहेबांची खून हाय, जपून. पन ती बुजली. मंग मी आधीच माप घेऊन ठेवला होता, कडेपासून किती, पायरीपासून किती. बरोबर त्याच जाग्यावर परत काढली. नंबर पन तसाच. साहेब लोक तीनदा आले, फोटो काढला, कोनाला समाजला बी नाय." ते हसले. "एवढी सेम काढली."

बीना मॅडमना मराठी येत नाही. पण त्यांनी काकांच्या हाताची खूण पाहिली होती, एक तळवा दुसऱ्यावर ठेवलेला, काँक्रीटचा थर दाखवणारा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

खूण जिथल्या तिथे होती, फक्त एका थराने वर. फीत वरून सुटत होती म्हणून पाणी रोज तेवढंच खाली दिसत होतं. काकांनी प्रेमाने जपली नसती, तर खूण गेली हे आम्हाला पहिल्याच भेटीत कळलं असतं. आणि आमच्या चार जणांपैकी एकाने जरी रंगाखाली पाहिलं असतं तरी कळलं असतं.

पण थर नक्की किती जाडीचा? जुना ओटा तर खाली गाडलेला. मिस्त्री सांगेल तो अंदाज. अंदाजावर दहा महिन्यांचे आकडे दुरुस्त करायला कुठलीच संस्था तयार होणार नाही.

"काका, जुना ओटा कुठे उघडा राहिलाय का?"

"देवाकडं हाय की."

बंदराच्या आतल्या बाजूला शेंदूर लावलेला एक दगड होता. मी तो पौर्णिमेपासून बघत होते. त्याच्याभोवती हातभर चौकोनात काँक्रीट नव्हतं. दगड जणू एका उथळ हौदात बसला होता, पुढ्यात झेंडूची दोन सुकी फुलं.

"देवावर कोन सिमेंट टाकल?" काका म्हणाले. "मिस्त्री बोलला, देवाला उचलून वर घेऊ. सगला गाव अंगावर गेला त्याच्या. देव हाय तिथंच र्‍हानार."

"कुठला देव, काका?"

"देव. नाव कशाला पायजे? बंदरावर एकच हाय."

मी चप्पल काढली. चौकोनात जुन्या ओट्याचा दगड दिसत होता. आम्ही पातळी मोजायचं उपकरण लावलं, पट्टी आधी त्या दगडावर धरली, मग लाल खुणेवर. जुना ओटा सपाट होता हे पहिल्या वर्षीच्या आमच्या नकाशात लिहिलेलं होतं. बीना मॅडमनी वाचलं, मी वाचलं, पुन्हा अदलाबदल करून वाचलं.

नऊ सेंटीमीटर.

काका विचारत होते, काय झालं, खूण वाकडी आहे का. मी म्हटलं, नाही काका, सरळ आहे. बीना मॅडमनी पिशवीतून उरलेली सुकेळी काढली आणि देवापुढे ठेवली. मग एक काकांना दिलं.

अष्टमी

भांगेची मोजणी पहाटेच सुरू झाली होती. ती बरोबरच्या शिकाऊ मुलांवर सोपवून अकरा वाजता शेवटची बैठक ठेवली होती, बंदरापासून दहा मिनिटांवर शाळेच्या एका वर्गात. रविवार होता, शाळा रिकामी. बाकं तिसरी-चौथीची, चौधरी सरांचे गुडघे बाकाच्या वर आले होते. केरळचे तिघं, आमचे तिघं. दाराशी एका खुर्चीवर जनूकाका, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत वही. वही परत करायची म्हणून त्यांना बोलावलं होतं. बैठक इंग्रजीत, त्यामुळे ते समोरच्या भिंतीवरचा पक्ष्यांचा तक्ता वाचत होते.

आदल्या दिवशी मी बीना मॅडमना म्हटलं होतं, तुम्ही सांगा. त्यांनी नकार दिला होता. "मी सांगितलं तर आमच्या संस्थेने तुमची चूक काढली असं होईल. खूण तुमची आहे. तू सांग."

सर म्हणाले, तीन नंबरच्या केंद्राबद्दल, म्हणजे या बंदराबद्दल, दोन्ही संस्थांचं एकमत आहे, ते बंद करावं, पुढच्या विषयाकडे वळू.

मी उभी राहिले. बाक इतकं बुटकं होतं की उठताना गुडघा आपटला आणि सगळ्यांनी पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं. ती भाषा मला अशा वेळी सोपी जाते, कारण तिच्यात मी फक्त आकडे बोलले आहे. ओटा, थर, नऊ, रोज नऊ, देवाजवळचा चौकोन. खूण तपासल्याची टिक चारदा झाली आहे आणि चौथी माझी आहे. आम्ही दोघींनी परवानगीशिवाय मूळ आकडे एकत्र पाहिले, हेही सांगितलं. बीना मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी पाहायला लावले." ते खरं नव्हतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं.

मला खाली बसता आलं असतं. पण दाराशी काका मान तिरकी करून माझ्याकडे बघत होते. त्यांना त्यांचं नाव दोनदा ऐकू आलं होतं. मग मी तेच मराठीत सांगितलं. त्याला जास्त वेळ लागला. संशयाचं मी सांगितलं नाही.

काकांनी मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. "म्हंजे माजा चुकला."

"नाही काका. तुमचं वाचन बरोबर होतं. ओटा वर आला, ते आमच्या लक्षात आलं नाही."

"मना वाटलाच होता कायतरी," ते म्हणाले. "साहेब दोनदा न सांगता आले ना." त्यांनी सरांकडे पाहिलं, आवाज चढला नव्हता. "समुद्राच्या टायमाला आले तुमी. थोडा वाढवून आला असाल, पन आमच्याकडं पानी दीड तासान येतो. दुसऱ्या बारीला मी बंदरावर पोचलो तवा तुमची गाडी वलत होती. मी हात केला."

सरांना मराठी कळते. खोलीतल्या निम्म्या लोकांना कळत नव्हती आणि त्यांनी काही विचारलंही नाही. सर बाकाच्या फळीवरच्या कुणीतरी कोरलेल्या नावाकडे बघत होते. "अर्धा तास धरला होता मी," ते शेवटी म्हणाले, कुणाला ते कळलं नाही.

मग केरळच्या प्रमुखांनी विचारलं, देवाजवळचा दगड इथून पुढे मूळ खूण म्हणून धरता येईल का. बीना मॅडम म्हणाल्या, तो बंदरावरचा एकमेव दगड आहे ज्यावर कुणी कधीच सिमेंट टाकणार नाही. लोक हसले. केंद्र बंद करण्याची ओळ सरांनी स्वतः खोडली. मूळ आकड्यांसाठी सह्या लागू नयेत यावर चर्चा सुरू झाली, आणि ती लांबणार असं दिसू लागलं. समोसे आले.

एक वाजता काका उठले. अर्धा समोसा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात टाकला. केरळचे प्रमुख बोलत होते, ते थांबले.

"मी निंगतो," काका म्हणाले. "ओहोटीचा पानी ठरंल आता."

सर उठले. बाकातून सुटायला त्यांना जरा वेळ लागला. "थांबा, जनूभाऊ. मी येतो."

आम्ही दोघी मागून चालत गेलो. पोहोचलो तेव्हा नदी खूप खाली गेली होती, दोन्ही काठांना चिखलाच्या उघड्या पाठी, त्यावर बगळे. काका खुणेजवळ उकिडवे बसले होते, फीत खाली सोडलेली. वही सरांच्या हातात होती. पाणी अजून थोडं हलत होतं. मग ते हलायचं थांबलं. काकांनी आकडा सांगितला. सरांनी तो लिहिला, वेळ लिहिली, आणि वही काकांपुढे धरली.

काकांनी हात फितीवरून काढला नाही. त्यांनी मानेनेच ओळीचा शेवट दाखवला, जिथे वरपासून खालपर्यंत प्रत्येक दिवशी त्यांची एकच सही होती.

"तुमची करा, साहेब," ते म्हणाले. "लिवनाऱ्याची लागते."